पाटावरचा डबा

अर्जुनाला यंत्राचं वेड होतं, असं कोणी म्हणालं की त्याच्या कानाखाली आवाज काढावासा वाटतो मला. वय झालं, हात उचलवत नाही, म्हणून वाचतात लेकाचे. वेडबीड काही नव्हतं त्याला. आपली बोट पाण्यावर कुठेही अडकली, तरी ती कुठे आहे हे काठावरच्या माणसाला कळलं पाहिजे, एवढंच त्याला हवं होतं. त्यासाठी त्याने माझ्या दुकानाचा उंबरा झिजवला.

मी विष्णुपंत. वाईत घाटाकडे उतरणाऱ्या एका बोळात माझं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान होतं. आता तिथे मोबाईलची कव्हरं मिळतात. असो.

अर्जुना माणमधला, दहिवडीच्याही पलीकडचा. घरी पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. पाणी बघायचं तर विहिरीत वाकून बघावं लागतं, असल्या गावचा पोरगा मुंबईला गेला आणि बंदरात लाँचवर खलाशी झाला! पुढे एका शेटच्या हौसेच्या बोटीवर राहिला. शेट गेला, बोट विकली गेली, तेव्हा हा बायकोला घेऊन आमच्या सातारा जिल्ह्यातल्या एका धरणावर आला. धरणाचं नाव मी सांगणार नाही. ज्यांना ओळखायचं ते ओळखतील, आणि ओळखून त्यांना लाज वाटली तर बरंच आहे.

तिथे नुकतीच बोटिंगची सोसायटी निघाली होती. छताच्या दोन लाँच, पुण्या-मुंबईचे पाहुणे, काठावर एक पत्र्याचं ऑफिस. चेअरमन होता विश्वजित नावाचा तिशीतला गडी. वडिलांच्या नावावर निवडून आलेला, पांढरे बूट घालून चिखलात फिरणारा. अर्जुना मोठी लाँच चालवायचा. त्याची बायको रंगुबाई ऑफिसामागच्या खोपटात पाहुण्यांना पिठलं-भाकरी करून घालायची. बाई मोठी हसरी. मला बघितलं की म्हणायची, "आलं बगा बामन, आता मिरची कमी घालाय पायजे!" आणि मुद्दाम जास्त घालायची.

धरणाचा फुगवटा म्हणजे एक गोल तळं नव्हे. पाणी डोंगरांच्या मधे जागोजागी शिरलेलं असतं. अशा एकेका फाट्याला तिकडे खोरं म्हणतात. एका खोऱ्यात माणूस घसा फुटेस्तोवर ओरडला तरी शेजारच्या खोऱ्यात काही कळत नाही. पंच्याण्णवच्या हिवाळ्यात धुक्यात अर्जुनाची लाँच बंद पडली आणि वाहत एका खोऱ्यात गेली. शोधणारी बोट डोंगराच्या पलीकडून दोनदा गेली म्हणे. सकाळी धुकं उठल्यावर सापडले सगळे. कुणाला काही झालं नव्हतं. नवं लग्न झालेलं एक जोडपं होतं, ते तर फार मजा आली म्हणून सांगत सुटलं. सोसायटीतले सगळे हसले. अर्जुना मात्र हसला नाही. तो दुसऱ्या दिवशी एस.टी.ने माझ्याकडे आला.

"पंत, बंदरात प्रत्येक बोट कुठं हाय त्ये हापिसातल्या सायबाला कळायचं," तो म्हणाला. "आपल्याला तसलं काय करता येतंय का?"

"अरे, ते बंदर. तिथे रडार असतं. इथे काय, म्हशी पोहायच्या धरणात रडार लावतोस?"

"म्हशींस्नी घरची वाट ठावं आसती," तो म्हणाला. माणूस गरीब गाय नव्हता हं. तोंडाला तोंड द्यायचा.

मग आमचं शोधणं सुरू झालं. आधी बघितले हातात धरून बोलायचे वॉकीटॉकी. मला तेच पसंत होतं. पण अर्जुना म्हणाला, "बोलायला मानूस शुद्धीत पायजे. दोन्ही हात सुकाणूवर आसल्यावर बटन कोन दाबनार?" मग माझ्या एका मुंबईच्या ओळखीच्याने परदेशी यंत्र दाखवलं. आकाशातल्या उपग्रहांवरून ते सांगतं की तुम्ही पृथ्वीच्या पाठीवर कुठे उभे आहात. मी तर हरखूनच गेलो. हातात घेऊन लहान पोरासारखा गच्चीभर फिरलो. अर्जुनाने ते उलटसुलट करून पाहिलं आणि परत दिलं.

"आपुन कुठं हाय ह्ये आपल्यालाच कळून काय उपेग, पंत? काठावरच्याला कळाय पायजे."

मला राग आला. आला म्हणजे आलाच. मी चाळीस वर्षं रेडिओ उघडतोय आणि हा मेंढक्या मला शिकवतो! दोन दिवस मी त्याच्याशी नीट बोललो नाही. पण त्याचं बरोबर होतं, त्याला काय करणार?

शेवटी पुण्यातल्या हौशी रेडिओवाल्यांपैकी एकजण माझ्या ओळखीचा निघाला. त्यांच्यात एक खेळ असतो. कुणीतरी झाडीत एक डबा लपवून ठेवतो, तो डबा आपण होऊन दर मिनिटाला 'टूं टूं' करत राहतो, आणि बाकीचे अँटेना फिरवत फिरवत तो शोधून काढतात. ज्या दिशेला आवाज सगळ्यात मोठा, त्या दिशेला डबा. हे ऐकल्यावर अर्जुना दुकानातल्या स्टुलावरून उठलाच. "ह्योच! ह्योच पायजे! कुनी बोलाय नको, बटन दाबाय नको." परवान्याचं त्या पुणेकरानेच निस्तरलं, आणि मी कामाला लागलो.

डबा मी बांधला. जेवणाच्या डब्याएवढा, पत्र्याचा, झाकणाला रबर. लाँचच्या छतावर एक उंच काठी, त्यावर तार. काठावरच्या ऑफिसात ऐकायचा सेट, हेडफोन, आणि पत्र्यावर टीव्हीच्या असतो तसला काड्यांचा अँटेना, खालून हाताने फिरवता येईल असा. विश्वजितला त्या काठीच्या जागी स्वतःच्या नावाची पाटी हवी होती. त्यावरून आठवडाभर घोडं पेंड खात बसलं. शेवटी पाटी पुढे आणि काठी मागे, असं ठरलं.

खरं भांडण झालं ते डबा बसवताना. मी म्हणालो, बोल्ट मारून पक्का करतो. अर्जुना म्हणाला, न्हाई, खोबणीत बसवायचा, काढता-घालता आला पायजे. पावसात आत नेता येईल, कुणी चोरणार नाही, बॅटरी ऑफिसात चार्ज करता येईल.

"अरे पण काढता येतो म्हटल्यावर कुणीतरी काढेल की!"

"कोन काडतंय? मी हाय न्हवं?"

बोट त्याची, चालवणार तो. मी हात टेकले आणि खोबण केली. चांगली पितळी पट्टीची केली. आजही त्या खोबणीची आठवण आली की तोंड कडू होतं.

पहिल्या दिवशी अर्जुना एकटाच लाँच घेऊन गेला आणि आम्ही काठावर ऐकत बसलो. मी हेडफोन रंगुबाईच्या डोक्यावर चढवला, अँटेना फिरवला, आणि एकदम तिचा चेहराच उजळला. "बोलतंय! आवं पंत, बोलतंय की! ह्ये आमचं मानूस हाय व्हय?" मग ती मलाही हात लावू देईना. संध्याकाळपर्यंत स्वतःच अँटेना फिरवून सांगत होती, आता देवळाच्या अंगाला गेलं, आता फिरलं माघारी. अर्जुना उतरल्यावर त्याला म्हणाली, "आता कुटं लपून बिडी वडाल त्येबी कळंल मला!" सगळा काठ हसला. त्या दिवशी अर्जुनाही पोट धरून हसला. पुढे जवळजवळ वर्षभर यंत्र बिनतक्रार चाललं. दोनदा तर डिझेल संपून थांबलेली लाँच त्यानेच शोधून दिली.

सत्त्याण्णवची खंडेनवमी आली. त्या दिवशी घरोघर हत्यारं पुजतात हे काय मी सांगायला हवं? सुताराची पटाशी, शेतकऱ्याचा विळा, ड्रायव्हरची गाडी, सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडूचा हार. पूजेला मांडलेलं हत्यार दसऱ्याला उत्तरपूजा होईपर्यंत उचलत नाहीत. अर्जुनाने लाँचला हार घातला, इंजिनाला कुंकू लावलं. आणि डबा? डबा त्याने खोबणीतून काढला, ऑफिसात नेला, पाट मांडून त्यावर नवं फडकं घातलं, आणि त्याच्यावर बसवला. पान्यांच्या आणि स्क्रू-ड्रायव्हरच्या मधोमध, सगळ्यात मानाच्या जागी. इतका जीव त्याचा त्या डब्यावर. मला निरोप होता, पंत, आपल्या डब्याची पयली खंडेनवमी हाय, परसादाला यायचंच.

मी दुपारच्या गाडीने पोचलो. बघतो तर पाटावर डबा आहे आणि धक्क्यावर लाँच नाही.

काय झालं ते धाकट्या लाँचवरच्या केरबाने सांगितलं. सोसायटी त्या दिवशी बंद असते. पण विश्वजितला दाखवायची मुलगी होती इस्लामपूरकडची, आणि ती मंडळी अचानक सकाळी गाडी घेऊन हजर झाली. त्यांना पाण्यातून फिरवायचं आणि पलीकडच्या काठावर चुलीवरचं जेवण घालायचं, असं विश्वजितने परस्पर कबूल करून टाकलं. म्हणून रंगुबाईलाही पिठाचा डबा घेऊन लाँचवर चढावं लागलं.

अर्जुना लाँच न्यायला तयार झाला. बोटीची पूजा पाण्यातच झालीय, ती पाण्यात चालली तर काही मोडत नाही, असं त्याचं म्हणणं. पण पाटावरच्या डब्याला हात लावीना. रंगुबाईनेच म्हटलं, "आवं, उचला की त्यो! देवी काय तुमच्याव रुसून बसती व्हय? म्या पाया पडून मागून घेते." तो म्हणाला, "माझ्या बानं खंडेनवमीला पाटावरची कातर उचलली हुती, मेंढराची लोकर काडाय. तिनंच त्येचा पाय कापला. सा म्हैनं लंगडत हुता. पूजंतलं न्हाई उचलायचं." विश्वजितला तर घाईच होती. दोन-तीन तासांचा फेरा, असा जाऊन असा येतो म्हणाला, आणि पाहुण्यांना हात देऊन वर चढवलं.

ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दोन वर्षं! दोन वर्षं ह्या माणसाने माझं डोकं खाल्लं त्या डब्यासाठी, आणि ज्या दिवशी हवा त्या दिवशी त्याला हार घालून बसवला! पण कुणावर ओरडणार? समोर केरबा होता, त्याच्यावर ओरडलो.

तिसऱ्या प्रहरी आभाळ भरून आलं. दसऱ्याच्या सुमाराचा परतीचा पाऊस तो, आला की झोडपतो. वारा असा सुटला की ऑफिसाचे पत्रे थडाथड वाजायला लागले. समोरचा काठ दिसेना. लाँच परत आली नाही. सोसायटीचे दोघे-चौघे गोळा झाले. विश्वजितचे काका धावत आले, आणि मला बघून त्यांना हायसंच वाटलं.

"पंत, बरं झालं तुम्ही आहात! लावा तुमचं ते यंत्र. कुठे आहेत बघा लवकर."

मी पाटाकडे बोट केलं. "ते काय, बसलंय तुमचं यंत्र."

त्यांना कळेना. हेडफोन तर इथे आहे, अँटेना तर वर आहे, मग ऐका की म्हणाले. मी म्हणालो, "अहो, बोलणारा इथे आणि ऐकणाराही इथे! काय ऐकू? कपाळ माझं?" तर एकजण म्हणतो, आता चालू केला तर? माझ्या डोळ्यांत पाणी आलं त्या प्रश्नाने. रागाचं होतं की कशाचं, देव जाणे.

वारा उतरल्यावर केरबाने धाकटी लाँच काढली. कुठे जायचं? काका म्हणाले देवळाकडच्या खोऱ्यात, पाहुण्यांना देऊळच दाखवायचं होतं. गेले तिकडे. काही नाही. शेजारच्या खोऱ्यात गेले. तिथेही काही नाही. तोवर अंधार पडला आणि पाऊस पुन्हा आला. सकाळी तीन बोटी गोळा करून एकेक खोरं धुंडाळायला लागले तेव्हा उन्हं वर आल्यावर सापडले. अगदी उलट्या दिशेला, करवंदीच्या खोऱ्यात. सुकाणू तुटलं होतं आणि वाऱ्याने लाँच ढकलत नेऊन खडकावर बसवली होती.

पाहुणे सगळे धडधाकट. भिजलेले, भेदरलेले, पण धडधाकट. रंगुबाई गेलेली होती.

काठावर उतरल्यावर पाहुण्यांची ती मुलगी थंडीने कुडकुडायला लागली. रंगुबाई म्हणाली, चूल पेटवते. खडकाखाली कोरडी काटकी मिळेल म्हणून तिने हात घातला. घोणस होती. दिवस मावळायच्या आत चावली, आणि बाई पहाटेपर्यंत होती. पहाटेपर्यंत! अर्जुना तिला पाठीवर घेऊन डोंगर चढायला निघाला होता, पण वर वाट नाही, कडाच आहे. पुन्हा खाली आला. मग तिचं डोकं मांडीवर घेऊन बसला. ती मधेमधे विचारायची, दिवा दिसतोय का कुठल्या बोटीचा? तो म्हणायचा, येत्यात, येत्यात.

तालुक्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरने तोंडावर सांगितलं, लस होती आमच्याकडे. संध्याकाळी आणली असती तर बाई घरी चालत गेली असती.

पुढचं काय सांगू? इस्लामपूरकरांनी विश्वजितला होकार कळवला. अशा संकटात मुलगा खचला नाही म्हणे! सोसायटीची मीटिंग झाली, तीत विश्वजित म्हणाला, यंत्राची सोय केलेली असताना चालकाने ते सोबत नेलं नाही, सोसायटी काय करणार? मी उठून उभा राहिलो. "तुला मुलगी बघायची घाई होती म्हणून बोट बाहेर काढलीस, ते सांग की आधी!" म्हणालो. मला खाली बसवलं. मी सभासद नव्हतो ना. अर्जुनाला विचारलं, तर तो म्हणाला, "व्हय. मीच ठिवला हुता पाटावर." त्याला कामावरून काढलं आणि धाकट्या लाँचवरचा केरबा मोठ्या लाँचवर गेला.

गावाला निघायच्या आधी अर्जुना माझ्या दुकानात आला. त्याच त्या स्टुलावर बसला. दाढी वाढलेली.

"पंत, येक सांगा. डबा बोटीवर आसता, तर त्या खोऱ्यातनं आवाज आला आसता का?"

लोकांनी त्याला सांगून ठेवलं होतं की नसता आला. डोंगराची सोंड मधे आहे, आवाज अडला असता, रंगुबाईचं तेवढंच आयुष्य होतं. केरबा तर शपथेवर सांगायचा. मला खरंच माहीत नव्हतं. रेडिओची लाट कधी डोंगराला वळसा घालून येते, कधी नाही येत. मी म्हणालो, सांगता येत नाही.

"मग बगू या."

"कशाला? काय मिळणार आहे तुला? नसता आला असं धरून चाल, आणि जा घरी."

"धरून न्हाई चालायचं मला," तो म्हणाला.

मी खूप समजावलं. शिव्यासुद्धा दिल्या. ऐकेल तर शपथ. शेवटी डबा घेऊन मी केरबाच्या लाँचवर, म्हणजे दुरुस्त झालेल्या त्याच मोठ्या लाँचवर चढलो. अर्जुना काठावर राहिला, हेडफोन लावून. त्याला स्वतःच्या कानांनी ऐकायचं होतं, माझ्यावर सोडायचं नव्हतं.

त्या खोऱ्यात पोचलो. खडक तोच. चुलीसाठी मांडलेले तीन दगड तसेच होते, पेटवायचे राहिलेले. मी डबा खोबणीत बसवला. चालू करायच्या बटणावर बोट ठेवलं. मनात म्हटलं, देवा, तू डोंगर आडवा घातलायस तर तो कामाला येऊ दे. एवढं एकदा यंत्र माझं फुकट जाऊ दे. मी आयुष्यात कधी माझ्या कामाचं वाईट चिंतलं नव्हतं, त्या दिवशी चिंतलं. आणि बटण दाबलं.

थोडा वेळ थांबून माघारी फिरलो. सोंड ओलांडली आणि लांबून धक्का दिसायला लागला. ऑफिसाच्या पत्र्यावर अँटेना होता. मी निघालो होतो तेव्हा तो देवळाकडे तोंड करून होता. आता तो करवंदीच्या खोऱ्याकडे वळलेला होता, अगदी नेमका, बोटाने दाखवावा तसा.

अर्जुना पायरीवर बसला होता. हेडफोन अजून कानावरच.

"पयल्याच फेऱ्यात आला, पंत," तो म्हणाला. "लय मोठा आला."